हुकलेल्या संधीवरची कविता: आधी प्रसंग लिहा, खंत नंतर

दिवाळी अंकासाठी आलेल्या कविता वाचायला बसलो की एक गठ्ठा दरवर्षी आपोआप वेगळा पडतो. तो ‘राहून गेलं’ या कवितांचा. कोणाला भेटायचं राहिलं, कोणाला हो म्हणायचं राहिलं, शिकायचं राहिलं, सांगायचं राहिलं. लिहिणाऱ्याचं दुःख खरं असतं, ते ओळीओळीतून जाणवतं. पण कविता वाचून झाल्यावर नेमकं काय राहिलं ते कळत नाही. क्षण निसटले, काळ पुढे गेला, ओंजळ रिकामी राहिली, एवढंच हाती लागतं. नावं झाकली तर वीस जणांच्या कविता एकाच माणसाच्या वाटतील.

गडबड बहुतेक वेळा क्रमात असते. आपण खंतेपासून सुरुवात करतो आणि प्रसंगापर्यंत पोहोचतच नाही. खाली दिलेला क्रम उलटा आहे, आणि तो मी स्वतः वापरतो. उदाहरण म्हणून माझीच एक छोटी कविता टप्प्याटप्प्याने सोबत घेतली आहे.

तयारी

दोन बैठका लागतील आणि त्यांच्यामध्ये किमान आठ दिवसांचं अंतर. टप्पा १ ते ५ पहिल्या बैठकीत, बाकीचे दुसऱ्या. पहिल्या बैठकीत कविता लिहायची नाही, एक ओळसुद्धा नाही.

वही घ्या, फोनवर लिहू नका. फोनवर खोडलेलं नाहीसं होतं, वहीत ते दिसत राहतं. चौथ्या टप्प्यावर आपण स्वतःला दिलेल्या सबबी खोडणार आहोत, आणि खोडलेल्यांच्या शेजारी जी उरते ती पुढे कवितेत कामाला येते.

टप्पा १: संधी खरंच गेली आहे का ते तपासा

ही पायरी सगळेच गाळतात. एखाद्या मित्राशी अबोला धरून पंधरा वर्षं झाली, त्यावर कविता लिहायला घेतली, पण तो मित्र त्याच शहरात आहे आणि त्याचा नंबर आपल्याकडे आहे. अशा वेळी आधी फोन करा. कविता थांबू शकते.

मी हे उपदेश म्हणून सांगत नाही. कवितेचाच प्रश्न आहे. दार अजून उघडं असताना ते बंद झाल्याची कविता लिहिली की कुठेतरी ती खोटी लागते, कारण लिहिणाऱ्याच्या मनात एक ‘अजूनही’ असतो आणि तो कवितेत लपवला जातो. फोन केलात आणि समोरच्याने उचलला नाही, तर ती वेगळी कविता होईल, आणि ती खरी असेल.

तपासणी: वहीत एक वाक्य लिहा, ‘हे आता होऊ शकत नाही, कारण...’ कारणाच्या जागी माणूस वारला, वयाची अट उलटली, घर विकलं गेलं, असं ठोस काही लिहिता आलं तर पुढे जा. ‘कारण आता उशीर झाला’ एवढंच लिहिता आलं तर थांबा.

टप्पा २: नेमकी कोणती बोच आहे ते ठरवा

मराठीत या भावनेला एकच शब्द नाही, अनेक आहेत, आणि हे आपलं भाग्य आहे. शब्द निवडताना कवितेचा आवाज ठरतो. माझ्या वापरातले भेद असे:

चुटपुट ही थोडक्यात हुकलेल्या गोष्टीची असते. पाच मिनिटं आधी निघालो असतो तर भेट झाली असती, ती चुटपुट. ती हलकी असते आणि कविताही आटोपशीर हवी.

रुखरुख मागे लागते. कामात असताना विसरते, रात्री दिवा मालवला की परत येते. तिच्या कवितेत एखादी गोष्ट परत परत यावी लागते.

हळहळ बरेचदा दुसऱ्यासाठी असते. ‘सगळा गाव हळहळला’ म्हणतो आपण. स्वतःबद्दल लिहिताना आतून हळहळच येत असेल, तर आपण स्वतःकडे लांबून, कीव करत पाहतोय असं समजा.

सल काट्यासारखा रुततो. त्यात बहुधा कोणीतरी दुखावलेलं असतं, आपण किंवा समोरचा.

पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. तो केलेल्या कृतीचा असतो. न केलेल्या गोष्टीला तो शब्द लावला की लिहिणारा स्वतःला गुन्हेगार ठरवून मोकळा होतो, आणि कविता माफीनामा बनते.

खंत जुनी आणि मुरलेली. तिला धार नसते, वजन असतं.

हुरहुर मात्र या यादीतली नव्हे. ती अजून न घडलेल्या किंवा नाव नसलेल्या गोष्टीची. हुकलेल्या संधीच्या कवितेत ‘हुरहुर’ आली की समजावं, शब्द कानाला गोड लागला म्हणून आला आहे.

सावधान: निवडलेला शब्द वहीच्या समासात लिहा. कवितेत तो वापरायचा नाही. ‘रुखरुख’ हा शब्द छापला की वाचकाला ती लागत नाही, फक्त कळते.

टप्पा ३: प्रसंग गद्यात लिहून काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. संधी ‘आयुष्यभर’ हुकत नाही, ती एखाद्या मंगळवारी दुपारी हुकते. तो मंगळवार शोधा. शंभर वेळा हुकली असेल तर त्यातली एक वेळ निवडा. दहा-बारा साधी वाक्यं लिहा, उपमा न देता. स्वतःला हे प्रश्न विचारा:

कुठे होतो? उभे की बसलेले? हातात काय होतं? आजूबाजूला कोण होतं आणि ते काय करत होते? दार, माणूस किंवा खिडकी किती अंतरावर होती? नाही करायचं ठरलं तो क्षण कोणता? स्वतःला कारण काय दिलं, अगदी त्याच शब्दांत?

माझ्या वहीतलं पान असं होतं:

‘शनिवारी संध्याकाळची एसटी. खिडकीशी जागा. आत्याचं घर रस्त्यावर नाही, फाट्यावर उतरून ओढ्याच्या कडेने आत जावं लागतं. ती फोनवर म्हणायची, अरे, फाट्यावर उतरत जा की कधी, पुढची गाडी तासाभराने असतेच. फाटा आला. कंडक्टरने एक बेल दिली, गाडी थांबली. दोघीजणी उतरल्या. एकीच्या हातात दुधाची रिकामी किटली. तिने खाली उभं राहून पदर सावरला आणि ओढ्याच्या वाटेला लागली. मी तिच्याकडे बघत होतो. मनात आलं, तिकीट तर पुढचं काढलंय. दोन बेल झाल्या. गाडी निघाली. असं चार वर्षं. आत्या आश्विनात गेली. दहाव्याला मी फाट्यावर उतरलो आणि घड्याळ लावून चाललो. बारा मिनिटं लागली.’

लिहायला बसलो तेव्हा मला वाटत होतं की कविता आत्याच्या मायेवर होईल, तिच्या हातच्या थालीपिठावर होईल. पान लिहून झाल्यावर दिसलं की कविता बेलमध्ये आहे. एसटीत एक बेल थांबायची आणि दोन निघायची. त्या दोन आवाजांच्या मधल्या वेळात मला उतरता येत होतं. ही गोष्ट नुसतं आठवून मला सुचली नसती, ती लिहिताना सापडली. प्रसंग लिहायचा तो यासाठीच.

नेहमीची चूक: माणसाचं वर्णन करत बसणं. आई किती कष्टाळू, आजोबा किती प्रेमळ. ती व्यक्तिचित्राची कविता झाली. इथे विषय तो माणूस नाही. आपण आणि तो माणूस यांच्यामधली जी जागा ओलांडली गेली नाही, ती विषय आहे. तिची लांबी, तिथला उजेड, तिथे पडलेल्या वस्तू लिहा.

तपासणी: पानावर किमान तीन गोष्टी अशा असाव्यात ज्या दुसऱ्या कोणाच्याही प्रसंगात नसतील. माझ्याकडे किटली, पुढचं तिकीट आणि बारा मिनिटं होती. तीन सापडल्या नाहीत तर प्रसंग अजून लांबूनच दिसतो आहे. डोळे मिटून परत तिथे जा.

टप्पा ४: दार कोणी लावलं?

आता पानावर प्रत्येक ठिकाणी पाहा की न करण्याचा निर्णय कोणाचा होता. हे काम अवघड आहे, सावकाश करा.

आमच्या काव्यवाचनाला येणाऱ्या एका बाईंनी गाणं शिकायचं राहून गेल्याची कविता आणली होती. त्यात संसार होता, जबाबदाऱ्या होत्या, पिंजऱ्यातली मैना होती. मी विचारलं, घरात पेटी होती का? होती म्हणाल्या, माळ्यावर, जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवलेली. एकदा काढली तर भाता उंदरांनी कुरतडलेला. मग खूप वेळ गप्प राहून म्हणाल्या, ‘खरं सांगू? मला कोणी नको म्हटलं नव्हतं. मीच कधी विचारलं नाही.’ पुढच्या महिन्यात त्यांनी जी कविता आणली तिच्यात मैना नव्हती. पेटी होती, भात्याचं भोक होतं आणि न विचारलेला प्रश्न होता. हॉलमध्ये कोणी हललं नाही.

त्यांच्या बाबतीत तसं निघालं. पण प्रत्येकाच्या बाबतीत तसंच निघतं असं अजिबात नाही. ज्या मुलीचं नाव दहावीनंतर शाळेतून काढून घेतलं, ज्याला जातीमुळे किंवा पैशाअभावी आत घेतलं नाही, त्याने आपला हात शोधत बसू नये. त्याची संधी हुकलेली नाही, ती हिरावून घेतलेली आहे. ती कविता संतापाची, आरोपाची किंवा साक्षीची आहे, तिला खंतेचा हळवा सूर लावणं हा तिच्यावर अन्याय आहे. असं दिसलं तर हा क्रम इथेच सोडा आणि त्या कवितेला तिच्या आवाजात लिहा.

आपला हात असेल तर सबबी खोडायला घ्या. मी चार लिहिल्या होत्या: दमलेलो होतो, पिशवी जड होती, अंधार पडत होता, तिकीट पुढचं होतं. पहिल्या तीन खोडल्या. त्या खोट्या नव्हत्या, पण कोणाच्याही असू शकतात. चौथी ठेवली, कारण ती इतकी लहान होती की तिची मलाच लाज वाटली. ज्या सबबीची लाज वाटते ती कवितेत जाते.

टप्पा ५: क्रियापदांचा हिशेब

मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ शिकवतात. ‘उतरलो असतो तर भेट झाली असती’ हा संकेतार्थ. हुकलेल्या संधीचं हे हक्काचं व्याकरण, आणि म्हणूनच सगळ्या कविता त्यात बुडतात. एका कवितेत मी अकरा वेळा ‘असतं’ मोजलं आहे. तिसऱ्या ‘असतं’नंतर कान ते ऐकायचं सोडून देतो.

आपल्या प्रसंगातलं मुख्य क्रियापद घ्या आणि ते वेगवेगळ्या रूपांत वहीत लिहा. माझं ‘उतरणं’ होतं:

१. उतरणार होतो. हेतू होता, इतकंच. ऐकणारा लगेच विचारतो, मग?

२. उतरता आलं असतं. शक्य होतं याची कबुली आहे. जरा जवळ आलो.

३. उतरायला हवं होतं. हा आजचा निकाल आहे. त्या वेळी गाडीत बसलेल्या माणसाला तो माहीत नव्हता, म्हणून प्रसंगाच्या मधोमध तो घालू नका.

४. उतरायचं राहिलं. मराठीतली सगळ्यात सोयीची रचना, आणि सगळ्यात फसवी. यात कर्ताच नाही. जणू उतरणं स्वतःहून मागे राहिलं आणि मी बाजूला उभा होतो. ‘राहून गेलं’च्या कविता एकसारख्या वाटतात त्याला ही रचना बरीचशी कारण आहे. ती माणसाला वाचवते.

५. उतरलो असतो तर. वाक्य इथेच सोडता येतं. ‘तर’च्या पुढे काय, ते वाचक स्वतः भरतो, आणि तो जे भरतो ते आपण लिहिलेल्यापेक्षा जास्त दुखतं.

६. उतरलो नाही. तीन-चार वेळा खोडून शेवटी हे लिहायला हात तयार होतो.

सहाव्या रूपातलं एक वाक्य कवितेत असलंच पाहिजे. ‘मी विचारलं नाही.’ ‘मी गेलो नाही.’ ‘मी सही केली नाही.’ बाकी सगळी कविता त्या एका वाक्यासाठी जागा करून देते. संकेतार्थ जास्तीत जास्त एकदा, आणि तोही शक्यतो अर्धा सोडलेला.

तपासणी: ‘राहिलं’, ‘राहून गेलं’, ‘निसटलं’, ‘सुटलं’ ही क्रियापदं वहीत जिथे असतील तिथे ‘मी’ घालून वाक्य परत लिहा. वाक्य खोटं झालं तर चौथा टप्पा परत करा. नुसतं अवघड झालं तर योग्य वाटेवर आहात.

आता वही मिटा. आठ दिवस.

टप्पा ६: बंध निवडा

प्रसंग एकच असेल आणि त्यात बोलणं, वस्तू, आवाज असतील तर मुक्तछंद घ्या. यमकासाठी किटलीची घागर करावी लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. मात्र ओळ कुठे तोडायची हे ठरवायला तिथे कोणी मदत करत नाही. सोपा नियम: जिथे श्वास थांबतो तिथे तोडा, आणि ‘नाही’चं वाक्य एकट्या ओळीवर ठेवा.

अभंग या विषयाला विलक्षण मानवतो. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. जोडाक्षर एकच मोजायचं. चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा पडतो आणि ते तोकडेपण इथे कामाला येतं, बोलता बोलता आवाज आत गेल्यासारखा. माझाच प्रसंग मी त्यात बसवून पाहिला:

तिकीट पुढचे । उतरू मी कसा ।
बसलो मी तसा । खिडकीशी ॥

‘खिडकीशी’ या चार अक्षरांवर सगळं येऊन थांबतं, हे मला आवडलं. पण बेलचा आवाज यात आणता आला नाही, म्हणून मी मुक्तछंदाकडे परतलो. तुमच्या प्रसंगात आवाजापेक्षा कबुली मोठी असेल तर अभंगच घ्या. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक, तोही चालतो, पण त्याची चाल ठेक्याची आहे. दुःख त्यावर नाचायला लागणार नाही याकडे लक्ष ठेवा.

गोष्ट थोडी लांब असेल, दोन-तीन माणसं असतील, तर ओवी. तीन चरणांचं यमक, चौथा आखूड आणि सुटा. अक्षरांचं बंधन सैल असल्यामुळे बोलल्यासारखं सांगता येतं.

केशवसुतांनी मराठीत आणलेलं चौदा ओळींचं सुनीत इथे विचारात घ्यावं असं आहे. आठ ओळी आणि सहा ओळी अशी त्याची एक विभागणी आहे आणि मध्ये कलाटणी. आठ ओळींत तेव्हाचा प्रसंग, सहांत आजची स्थिती. दार बंद झाल्याचा आवाज त्या मधल्या कलाटणीत आपोआप ऐकू येतो. कवी अनिलांची दशपदी त्याहून आटोपशीर, दहाच ओळी. चुटपुटीला ती पुरते.

अक्षरगणवृत्तांचा, म्हणजे लघू-गुरू अक्षरांचा क्रम ठरलेल्या वृत्तांचा, हात असलेल्यांनी मंदाक्रांता वापरून पाहावी. ओळीत सतरा अक्षरं, आधी चार गुरू (दीर्घ) आणि लगेच पाच लघू (ऱ्हस्व). पाय अडखळून मग एकदम धावत सुटावा तशी तिची चाल आहे. सराव नसेल तर या विषयावर पहिला सराव करू नका, गण सांभाळताना प्रसंग हरवतो.

गझलेबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात. ‘राहिले’, ‘नंतर’, ‘असते’ असा रदीफ, म्हणजे ओळीच्या शेवटी परत परत येणारा शब्द, सुचला की गझल लिहून होते, आणि ती वाईट होते. गझलेचा प्रत्येक शेर, म्हणजे दोन ओळींची जोडी, स्वतंत्र असतो. एकाच फाट्यावरच्या एकाच संध्याकाळीला पाच शेरांत कापलं तर प्रत्येक तुकड्याला आपला वेगळा निष्कर्ष द्यावा लागतो, आणि निष्कर्ष हे प्रसंगाचं मरण आहे. गझल तेव्हा घ्या जेव्हा हुकलेल्या संधी खरोखर अनेक आहेत आणि प्रत्येकीला दोन ओळी पुरतात. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत रदीफ आणि काफिया (रदीफाआधीचं यमक) येणार, म्हणजे पाच शेरांत तो रदीफ सहा वेळा कानावर पडणार. सहा वेळा पेलेल असाच शब्द निवडा. ‘असते’ पेलत नाही.

टप्पा ७: पहिला खर्डा, दार उघडं असतानाच्या क्षणापासून

सुरुवात आजच्या दिवसापासून करू नका. ‘आज मागे वळून पाहताना’ अशी ओळ लिहिली की वाचकाला शेवट कळला. कवितेला त्या क्षणी उभी करा जेव्हा काहीही होऊ शकत होतं. वाचकाला वाटलं पाहिजे की हा आता उतरेल.

मी वहीतलं पान न लिहिता लिहायला बसलो असतो तर काय झालं असतं ते आधी पाहू. खालच्या ओळी मी मुद्दाम तशा लिहिल्या आहेत:

आयुष्याच्या वाटेवर
किती फाटे मागे पडले
मुठीतल्या वाळूसारखे
मायेचे क्षण निसटले

यात फाटा आहे, पण तो रस्त्यावरचा नाही. वाळू कोणाच्याही मुठीतली आहे. आत्या नाही, मीही नाही. मुठीतली वाळू, ओंजळीतलं पाणी, वहीत सुकलेलं फूल, न धाडलेलं पत्र, फलाटावरून सुटलेली गाडी, पानगळ: या प्रतिमा झिजलेल्या आहेत. तुमच्या प्रसंगात खरोखरच पत्र असेल तर ते जरूर घ्या, पण मग पाकिटाचा रंग, तिकीट लावलं होतं की नाही, ते कुठल्या खणात होतं हे सांगा. माझ्या प्रसंगातही गाडी आहेच. पण ती सुटली नाही, मी तिच्यात बसलेला होतो. तेवढ्या फरकाने ती माझी झाली.

वहीवरून केलेला खर्डा:

फाटा आला.
एक बेल.
दोघीजणी उतरल्या.
एकीच्या हातात दुधाची रिकामी किटली,
तिने खाली उभं राहून पदर सावरला
आणि ओढ्याच्या वाटेला लागली.
त्याच वाटेला आत्याचं घर.
माझं तिकीट पुढचं होतं.
मी उतरलो नाही.
दोन बेल.

दहाव्याला उतरलो.
घड्याळ लावून चाललो
तिच्या दारापर्यंत.
बारा मिनिटं.
आत्या, मला माफ कर,
वेळ असूनही मी वेळ दिला नाही,
आता ही खंत जन्माची.

क्रम पाहा: जागा, संधी, दुसऱ्या कोणीतरी तीच वाट सहज घेणं, सबब, नकार, दार बंद. मग मोकळी जागा. मग आज. दुसरं कोणीतरी तीच गोष्ट सहज करताना दाखवणं फार उपयोगी पडतं, कारण त्यावरून वाट बंद नव्हती हे सिद्ध होतं आणि आपल्याला ते सांगावं लागत नाही. तुमच्या प्रसंगात अशी किटलीवाली बाई होती का ते जरूर आठवून पाहा.

टप्पा ८: काट

आधी शेवट. शेवटच्या तीन ओळींवर हात ठेवा आणि वरची कविता वाचा. माझ्या खर्ड्यात माफी, शिकवण आणि खंत एकामागून एक आली आहेत, आणि तिन्ही ‘बारा मिनिटं’ या ओळीने आधीच सांगितली आहेत. तिन्ही ओळी काढल्या. मन तयार नव्हतं. आत्याला हाक मारायची इच्छा फार होती. पण ती हाक माझ्यासाठी होती, कवितेसाठी नव्हती. ती मी वहीतच ठेवली, ती तिथे अजून आहे.

नंतर हे शब्द शोधा: आयुष्य, क्षण, काळ, नियती, मन, जखम, ओंजळ. प्रत्येकाच्या जागी त्या प्रसंगातली एक वस्तू ठेवता येते का पाहा. येत नसेल तर बहुधा ती ओळच नको असते.

टिंबांची रांग आणि उद्गारचिन्हं काढा. ‘उतरलो असतो तर’ यापुढे टिंबं नकोत, ओळ संपली की पुरे.

विशेषणंही मोजा. माझ्या कवितेत आता ‘रिकामी’ एवढंच गुणविशेषण शिल्लक आहे. तेही काढू का, असा विचार केला. पण किटली रिकामी होती म्हणजे ती बाई दूध घालून घरी परत चालली होती, तिला घरी पोहोचायचं होतं. म्हणून ठेवलं. असं कारण देता येईल तीच विशेषणं राहू द्या.

सावधान: काट करताना सबब काढून टाकू नका. ती क्षुल्लक वाटते, कवितेच्या मोठेपणाला शोभत नाही असं वाटतं, आणि संपादन करणारेही कधीकधी ती काढायला सुचवतात. ‘माझं तिकीट पुढचं होतं’ ही ओळ गेली तर ‘मी उतरलो नाही’ हे नुसतं विधान उरतं. तिकिटाचे पैसे आणि बारा मिनिटं हे शेजारी शेजारी आले की काय कशासाठी घालवलं ते दिसतं.

टप्पा ९: वाचून दाखवणं आणि पाठवणं

तो प्रसंग माहीत नसलेल्या एका माणसाला कविता मोठ्याने वाचून दाखवा. ‘छान आहे’ हे उत्तर धरू नका. विचारा, काय घडलं ते सांगशील का? त्याला दोन वाक्यांत प्रसंग सांगता आला तर कविता पोहोचली. तो ‘फार भावुक आहे’ म्हणाला आणि प्रसंग सांगता आला नाही, तर तिसऱ्या टप्प्यावर परत जा.

कवितेत जिवंत माणूस असेल, विशेषतः पूर्वी ज्याला नकार दिला किंवा ज्याच्याकडून होकार घेतला नाही असा, तर नाव, गाव आणि ओळख पटेल असा तपशील बदला. त्याचा संसार वेगळा आहे आणि त्याने तुमच्या खंतेत राहायला संमती दिलेली नाही. बदललेल्या तपशिलालाही वजन हवं, म्हणून किटलीच्या जागी नुसतं ‘काहीतरी’ लिहू नका, दुसरी खरी वस्तू द्या.

शीर्षक सगळ्यात शेवटी. ‘खंत’, ‘सल’, ‘राहून गेलेलं’ ही शीर्षकं टाळा, दुसऱ्या टप्प्यात समासात लिहिलेला शब्द मागच्या दाराने असा आत येतो. प्रसंगातल्या जागेचं किंवा वस्तूचं नाव द्या. मी ‘फाटा’ ठेवलं होतं. पाठवायच्या आदल्या रात्री ते खोडून ‘एक बेल’ केलं.